गादी नव्हे, चंद्रकोरच

नमस्कार. गुडघ्यातल्या मेनिस्कसला, म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमधल्या कूर्चेला (लवचीक, मऊ हाडाला), मी माझ्या लेखात 'चंद्रकोर' म्हटलं, ते तुम्हाला उगाच काव्य वाटलं. डॉक्टरसुद्धा 'गादी'च म्हणतात. शिवाय हृदयाच्या झडपेला 'अर्धचंद्राकृती', मग इथेच वेगळा शब्द का, असंही तुम्ही विचारलंत.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. जुन्या पुस्तकांत मेनिस्कसलाही 'अर्धचंद्राकृती कूर्चा' म्हणत, हे मी लेखात सांगायला हवं होतं. पण मराठीत अष्टमीचा अर्धचंद्र वेगळा आणि बीजेची कोर वेगळी. महाधमनीच्या झडपेचे तिन्ही खिसे अर्धचंद्रासारखे, तिथे तो शब्द चपखल बसतो. मेनिस्कसचा मूळ ग्रीक अर्थ 'छोटा चंद्र', आणि दिसायला तो कोरच.

'गादी' मात्र मला मान्य नाही. माझ्या आईला आधी 'मणक्यातली गादी सरकलीय' असं सांगितलं होतं, वर्षभराने 'गुडघ्यातली गादी फाटलीय' असं. पाठीतलंच काहीतरी खाली उतरलं, असं ती कितीतरी दिवस धरून बसली होती. शेवटी मी पंचाला पीळ देऊन चुंबळ केली आणि तिच्यावर गोल बुडाचा तांब्या ठेवून दाखवला. मांडीच्या हाडाचं टोक असंच गोल, नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. मेनिस्कस मधे अंथरलेला नसतो, कडेने वेढून बसतो. बाहेरून जाड, आत पातळ होत जाणारा. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन कोरी: गुडघ्याच्या आतल्या बाजूची जास्त उघडी, बाहेरच्या बाजूची जवळजवळ गोल कडंच. वजन पडलं की कोर बाहेर पसरू पाहते आणि तिच्यातले गोलाईने जाणारे तंतू तिला आवरून धरतात. हे तंतू आडवे तुटले तर चुंबळीचा पीळच सुटला. 'गादी' म्हटल्यावर यातलं काहीच डोळ्यांपुढे येत नाही.

एकेकाळी ही कूर्चा बिनकामाची समजून सर्रास पूर्ण काढून टाकत. ती काढल्यावर गुडघ्यात काय बदल होतात, ते १९४८ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी एक्स-रेवरून दाखवलं. आता शक्य तितकी वाचवतात. रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असतो, त्यामुळे तिथली फाट शिवली तर जुळून येण्याची शक्यता जास्त. आतल्या कडेची सहसा जुळत नाही.

चुंबळ पाहिल्यावर पुढच्या भेटीत आईने स्वतःच डॉक्टरांना विचारलं, "फाट बाहेरच्या कडेला आहे की आत?" त्यांनी कागद ओढला आणि कोर काढून दाखवली.