विशेष संदर्भ : सांगली जिल्हा

पीएचडीची फेलोशिप लागल्याचं कळलं. अभिनंदन. पेढे वाटून झाले असतील तर आता कामाचं बोलू. तुमचा चेहरा बघून वाटतंय की तुम्ही संशोधन करणार आहात. हा विचार सांगलीच्या आयर्विन पुलावरून जाताना कृष्णेत टाकून द्या आणि मगच कोल्हापूरच्या एसटीत बसा. फेलोशिपचे पैसे प्रगती अहवालाला मिळतात, हजेरीपत्रकाला मिळतात, घरभाड्याच्या दाखल्याला आणि हमीपत्राच्या बाँडपेपरला मिळतात. या सगळ्यांवर गाईडची सही आणि विभागप्रमुखांचा शिक्का लागतो. संशोधन हे त्या कागदांना जोडायचं सहपत्र आहे. राहिलं तर त्रुटीत निघतं, नंतर जोडता येतं.

आधी विषय. विषय शोधायचा नसतो, साच्यात ओतायचा असतो. ‘सांगली जिल्ह्यातील अमक्याचा चिकित्सक अभ्यास, कालखंड 2010 ते 2020’ हा साचा. अमक्याच्या जागी काय घालायचं ते तुमची विद्याशाखा ठरवते. वाणिज्यवाल्यांनी पतसंस्था घ्यावी. अर्थशास्त्रवाल्यांना देवाने हळद आणि बेदाणा दिलाच आहे. शिक्षणशास्त्रात ‘माध्यमिक शिक्षकांची अभिवृत्ती’ घ्या, कशाबद्दलची ते मागाहून बघता येतं. शारीरिक शिक्षणवाल्यांनी बारा आठवडे कबड्डीपटूंकडून प्राणायाम करून घ्यावा आणि नाडीचे ठोके मोजावेत. भूगोलवाल्यांनी उपग्रहाचा नकाशा रंगवावा, हिरवा जास्त वापरावा. मराठीवाल्यांसाठी ग्रामीण कादंबरीतलं स्त्रीचित्रण कायम उपलब्ध आहे. त्या कादंबरीतल्या बायका आता प्रबंधांना इतक्या सरावल्यात की तुम्ही पान उघडायच्या आत पदर सावरून बसतात.

रसायनवाल्यांचं सगळ्यात सोपं. कुठल्याही झाडाचा पाला उकळा, त्या अर्कात चांदीचा नाहीतर जस्ताचा क्षार घाला, नॅनोकण तयार. मग ते पेट्री डिशमध्ये ई. कोलाय या जिवाणूवर टाकून त्यांच्याभोवती पडलेलं स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजा. ई. कोलाय दरवेळी मरतो, बिचाऱ्याने आजवर कुठल्याच संशोधकाला निराश केलेलं नाही. फक्त पाला बदला. तुळस, कडुनिंब, कोरफड केव्हाच संपलेत. गाजरगवत आणि घाणेरी अजून थोडी शिल्लक असेल, जरा घाई करा.

इतिहासवाल्यांनी ‘योगदान’ सोडून दुसरीकडे जाऊ नये. कुणाचं योगदान, हे मात्र विचार करून ठरवा. ज्या नातवाच्या शिक्षणसंस्थेत पुढे नोकरी मागायची आहे, त्याच्या आजोबांचं. संदर्भ साधनं संस्थेच्या गौरवग्रंथात आयती मिळतात, फोटोसकट.

विषय घेताना एक धोका टाळायचा. त्यात खरा प्रश्न असता कामा नये. आणि आपला जिल्हा या बाबतीत फार वाईट, पावलापावलाला प्रश्न पडलेले. हरिपूरला जा, संगमाजवळ. जमिनीत 20-25 फूट खोल पेवं खणलेली. वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकलं की आत प्राणवायू राहत नाही, कीड जगत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. वीज नाही, औषध नाही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती जिथे साठवायचे ती पेवं पुराचं पाणी शिरून एकेक करून बाद होत गेली. या मातीतच पेव का टिकतं, आत वायूंचं काय होतं, पेवातल्या हळदीवर बँक किती उचल द्यायची, पेवं गेल्यावर व्यापाऱ्याच्या हातात भाव कसा गेला? इथे रसायनवाला, भूगोलवाला, अर्थशास्त्रवाला आणि इतिहासवाला एका खड्ड्यात उतरू शकतात. म्हणूनच सांगतो, तिकडे फिरकू नका. चौघं एका खड्ड्यात उतरली तर गाईड कोणाचा धरायचा? समितीत विचारतील, हा विषय नेमका कुठल्या विद्याशाखेचा, आणि तुमचे सहा महिने गेले.

पुराचंही तसंच. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विनला धोक्याची पातळी 45 फूट असताना पाणी 57 फुटांवर गेलं. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळे, की नदीपात्रातल्या बांधकामांमुळे, की धरणातून पाणी सोडायच्या वेळेमुळे, यावर गावात प्रत्येक चहाच्या गाड्यावर एक तज्ज्ञ समिती बसलेली असते. तुम्ही ‘पूरग्रस्तांच्या समाधानाचा अभ्यास’ घ्या. मदत मिळाली का? होय, नाही, सांगता येत नाही. संपलं. पूररेषेत कुणाचे प्लॉट आहेत, हा प्रश्न प्रश्नावलीत नको. प्लॉटवाले प्रश्नावली भरत नाहीत, फोन करतात.

साखर कारखान्यावर लिहा, अवश्य लिहा, पण ताळेबंदावर लिहा. वजनकाट्यावर लिहू नका. उसाचा काटा हा भौतिकशास्त्राचा विषय आहे असं तुम्हाला वाटेल, आपल्याकडे तो राज्यशास्त्राचा आहे.

ही ताकीद मी उगाच देत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गेल ऑम्व्हेट नावाची एक अमेरिकन संशोधक ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी करायला महाराष्ट्रात आली. 1973 साली बर्कलेच्या विद्यापीठाने तिला पदवी दिली. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे. पदवी मिळाली की विषय सोडायचा असतो, एवढं साधं तिला कुणी सांगितलं नाही. ती परत आली, भारताचं नागरिकत्व घेतलं, आपल्या वाळवा तालुक्यात कासेगावला संसार मांडला आणि 2021 साली तिथेच गेली. मधली सगळी वर्षं दुष्काळी भागातलं पाणी, परित्यक्ता बायका, जात आणि जमीन यांच्यामागे फिरण्यात आणि लिहिण्यात. एका प्रबंधाचा माणसावर इतका परिणाम होऊ शकतो. काळजी घ्या.

आता माहिती संकलन. नमुना 384 घ्या. का, असं विचारू नका. क्रेजी आणि मॉर्गन या दोघांनी 1970 साली एक तक्ता छापला, त्यात दहा लाख लोकसंख्येपुढे 384 लिहिलेलं आहे. तेव्हापासून सांगली जिल्हा असो नाहीतर चीन, 384 माणसं बोलली की विषय मिटला. त्यांनी हा आकडा यादृच्छिक नमुन्यासाठी दिला होता, म्हणजे कुणालाही सारखीच संधी मिळून निवडलेली माणसं. आपले 384 म्हणजे मामेभाऊ, हॉस्टेल, दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि गुगल फॉर्म भरेपर्यंत ज्यांना चहा पाजला ते सगळे. द्राक्षबागायतदारांवरच्या एखाद्या प्रबंधातले निम्मे बागायतदार मिरजेच्या होस्टेलवर राहतात, असं मला वाटायला लागलंय. छापील प्रश्नावल्या स्वतः भरणार असाल तर निदान तीन रंगांची पेनं वापरा, आणि मधेच एखाद्या शेतकऱ्याला ‘पूर्णतः असहमत’ होऊ द्या. लोकशाही दिसली पाहिजे.

गृहीतक असं घ्या जे आजीलाही माहीत आहे. ‘पाणी आल्यावर बागायत क्षेत्र वाढते.’ मग एसपीएसएसवाल्याकडे, म्हणजे आकडेवारीचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्याकडे जा. तो विश्रामबागेत किंवा कोल्हापुरात भेटतो, प्रकरणाच्या हिशोबाने पैसे घेतो आणि काय-वर्ग चाचणी लावून गृहीतक सिद्ध करून देतो. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यावर शेतकऱ्याने बागायत केली, हे विज्ञानाने एकदाचं मान्य केलं. विजेचं बिल कुणी भरायचं आणि टोकाच्या गावाला पाणी का पोचत नाही, हे ‘पुढील संशोधनासाठी दिशा’ या शेवटच्या पानावर टाका. आपल्याकडच्या सगळ्या चांगल्या प्रश्नांचं ते पान म्हणजे वृद्धाश्रम आहे.

पैशांकडे येऊ. जेआरएफ, म्हणजे यूजीसीची सुरुवातीच्या वर्षांची फेलोशिप, 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली, नंतरच्या वर्षांची एसआरएफ 42,000. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या फेलोशिप देणाऱ्या संस्थांचंही साधारण याच धर्तीवर. यातला ‘महिना’ मराठी महिना समजू नका. अनुदान येतं तेव्हा महिना भरतो. दरम्यान जतहून शिकायला आलेली मुलगी, जी तिच्या घरातली पहिलीच पदवीधर, खोलीचं भाडं कसं देते हे विचारायचा रकाना अर्जात नाही. कुठे शिकवायला जाईन म्हणाली तर पूर्णवेळ संशोधक असल्याच्या हमीपत्रावर तिने सही केलेली आहे. पूर्णवेळ संशोधन, अर्धवेळ पैसे, असा तो करार.

आणि निवड कशी होते ते ऐकून घ्या, म्हणजे दर्जाबद्दल शंका राहणार नाही. 2023 साली सरकारने या संस्थांच्या जागा प्रत्येकी 200 वर आणल्या. त्याच वर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, असं विचारलं. प्रश्नाला उत्तर द्यायला म्हणून की काय, 24 डिसेंबरला चाळणी परीक्षा झाली. उमेदवारांनी पेपर उघडून पाहिला तर तो 2019 च्या सेटचा, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राज्य पात्रता परीक्षेचा, जसाच्या तसा. ज्यांनी पुढे दुसऱ्याचं उचलू नये अशा संशोधकांची जी परीक्षा घेतात, तिचाच पेपर उचललेला. दिवे कुठे लागले असतील तर तिथे.

गाईडचं काय? कर्मवीरांनी ‘कमवा आणि शिका’ सुरू केली तेव्हा मुलं शेतात राबून शिकायची. आता शेत राहिलं नाही, म्हणून मुलं सरांच्या नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइली लावतात, मॅडमच्या पेपरांचे मार्क भरतात, परिषदेच्या पाहुण्यांना मिरज स्टेशनवरून आणतात. स्वावलंबन तेच, फक्त कमाई गाईडच्या एपीआयमध्ये, म्हणजे बढतीच्या गुणांमध्ये, जमा होते. एखादा गाईड चॅप्टर खरोखर वाचतो, लाल शाईने भरून परत देतो, फील्डवर सोबत येतो. असा मिळाला तर कुणाला सांगू नका, दुसरे गाईड त्याच्यावर नाराज असतातच.

शोधनिबंधांची काळजी हलकी झाली आहे. 2022 च्या यूजीसी नियमावलीने प्रबंधाआधी निबंध छापायची सक्ती काढली. पण निवड समितीत यादी लागतेच, त्यामुळे आंतरराष्ट्रीय परिषदा चालू ठेवा. नेपाळचे एक सर झूमवर पाच मिनिटं आले की परिषद आंतरराष्ट्रीय होते. बॅग, पेन, जेवण, प्रमाणपत्र. प्रमाणपत्र आधी घ्या, जेवणानंतर टेबल उठतं.

उचलेगिरीच्या तपासणीला मात्र लोक फार घाबरतात. 2018 च्या नियमाप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण ज्यांचा प्रबंध मराठीत आहे त्यांच्यावर श्रीलिपीची कृपा आहे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी सॉफ्टवेअरला रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. कचऱ्याशी जुळणारा कचरा त्याच्याकडे नसतो, साम्य शून्य. ग्रंथपाल तुमच्या मौलिकतेचं प्रमाणपत्र हसत देतात. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना बिचाऱ्यांना वाक्य फिरवत बसावं लागतं. मराठीच्या हिताचं एवढं काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मग व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरच्या परीक्षकांना बेदाणा, हळद आणि भडंग, तिन्ही एका पिशवीत. जेवणात बासुंदी ठेवा. बासुंदी आधी झाली तर प्रश्न कमी येतात, हे माझं निरीक्षण आहे, नमुना लहान आहे. एक प्रश्न हमखास येतो, ‘तुमच्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?’ उत्तर पाठ करा: ‘धोरणकर्त्यांना मार्गदर्शन होईल.’ धोरणकर्ते प्रबंध वाचत असल्याची अफवा विद्यापीठात कधीपासूनची आहे, तिला धक्का लावू नका.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागेल, त्यावर तुमच्यापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असतील. फेलोशिप बंद झालेली असेल. तुम्ही तासिका तत्त्वावर रुजू व्हाल, तासाला ठरलेले पैसे, तेही वर्षाच्या शेवटी. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, चढेल.

आणि एक दिवस साताऱ्याहून एका पोराचा फोन येईल. ‘सर, नमस्कार, तुमचा विषय आणि माझा विषय सेमच आहे, वर्ड फाइल मिळेल का?’ देऊन टाका. युनिकोडमध्ये करून द्या, नाहीतर त्याला कॉपी करता येणार नाही. एवढंच सांगा की ‘सांगली’च्या जागी ‘सातारा’ एकदम बदलू नकोस, कारण यंत्र ‘सांगलीत’चं ‘सातारात’ करतं आणि ‘सांगलीकरां’चे ‘साताराकर’. ते हाताने नीट कर. आयर्विन पूल आणि हळदीचा सौदा साताऱ्यात गेला तर जाऊ दे, परीक्षक तिथवर वाचत नाहीत.