वाटीचं वळण, ताटाचा रस्ता

पोराच्या छोट्या गाड्यांसाठी घरच्या घरी रस्त्यांची चटई करायची ठरलं, की घरातल्या कर्त्या माणसाच्या अंगात नगररचनाकार संचारतो. बाग हवी, तळं हवं, तळ्यात बदकं हवीत. माझं म्हणणं एवढंच, की बदकं आधी रद्द करा. चटईवर शोभा वाढली की गाडी अडते, आणि गाडी अडली की पोरगं ती उचलून सरळ फरशीवर पळवतं.

आता हा हिशोब बघा. या गाड्या साधारण १:६४ प्रमाणातल्या, म्हणजे सातेक सेंटीमीटर लांब, तीन सेंटीमीटर रुंद, चाक जेमतेम एक सेंटीमीटरचं. रस्ता म्हणून तुम्ही हौसेने ३ मिलिमीटरचं फेल्ट चिकटवलंत, तर ३ गुणिले ६४ म्हणजे खऱ्या गाडीपुढे १९ सेंटीमीटरची पायरी झाली! झेब्रा क्रॉसिंग जाड दोऱ्याने भरलंत, तर गाडी तिथे हमखास थांबते. देशात असं दृश्य दुर्मिळ असलं, तरी खेळायला उपयोगाचं नाही. हिरवळ म्हणून लावलेल्या केसाळ कापडात तर चाकं गुंततात. म्हणून रस्ता शिवू नका, रंगवा.

कापड जाड सुती कॅनव्हास, ३६ इंच पन्ह्याचं, दीड मीटर. आणलं की रात्रभर पाण्यात भिजवायचं, धुवायचं, वाळवून कडक इस्त्री करायची. ही पायरी सगळे गाळतात. खळ न गेलेल्या कापडात रंग मुरत नाही, आणि पहिल्या धुण्यात मीटरमागे चार-पाच सेंटीमीटर कापड आटलं की गावच्या गाव सुरकुततं.

रस्ता दुपदरी, १० सेंटीमीटर रुंद. सरळ भागाला पट्टी आहे, घोळ वळणावर होतो. हाताने काढलेलं वळण मध्येच फुगतं, शेवटी चिमटतं, आणि समोरासमोर आलेल्या दोन गाड्या तिथे अडकून बसतात. उपाय स्वयंपाकघरात आहे. १० सेंटीमीटर व्यासाची वाटी आणि ३० सेंटीमीटर व्यासाचं ताट घ्या. ताट पालथं घालून कडेने खडू फिरवा, मग त्याच मध्यावर वाटी ठेवून फिरवा. मधली जागा चारही बाजूंनी बरोब्बर १० सेंटीमीटर. हवं तेवढं पाव वर्तुळ ठेवा, बाकीचं पुसा. ताट मात्र स्वयंपाकाच्या वेळी मागू नये.

डांबर निव्वळ काळं नको, त्यावर धूळ उठून दिसते. कापडावर लावायच्या काळ्या रंगाच्या तीन भागांत एक भाग पांढरा मिसळा. दोन पातळ हात द्या. एकच जाड हात दिलात तर चटई गुंडाळताना रंगाला भेगा पडतात आणि रस्ता अपेक्षेपेक्षा जास्तच खरा दिसू लागतो.

मधल्या पांढऱ्या पट्ट्या ४ सेंटीमीटरच्या, तेवढ्याच अंतरावर. कागदी चिकटपट्टी लावून थेट पांढरा फासलात तर तो खालून झिरपतो आणि रेघेला मिशा फुटतात. म्हणून चिकटपट्टीच्या कडेवर आधी रस्त्याचाच राखाडी रंग फिरवावा. झिरपायचं ते त्याला झिरपू द्या, वाळला की वर पांढरा. बाण काढताना आपण डावीकडून गाडी चालवतो हे विसरू नका. विकतच्या बऱ्याच चटयांवर उलटं असतं, आणि पोराला ते लगेच कळतं.

पार्किंगचा खण ९ बाय साडेचार सेंटीमीटर. वीस गाड्या असतील तर साडेचार गुणिले वीस, म्हणजे ९० सेंटीमीटर. एवढ्याला आटलेल्या कापडाची आडवी बाजूही पुरत नाही. बदकांची जागा कुठे गेली ते आता कळलं असेल.

२४ तास वाळल्यावर उलट्या बाजूने तीन-चार मिनिटं इस्त्री, नाहीतर धुताना डांबर वाहून जाईल. कडा दोनदा दुमडून शिवा, मशीनला १६ नंबरची सुई लावा. चौदाची कोपऱ्यातल्या थरांवर मोडते. गुळगुळीत फरशीवर चटई घसरू नये म्हणून खाली रबरी जाळी अंथरा. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर सिग्नलला बटणं लावू नका. ती रस्त्यावर कमी आणि तोंडात जास्त सापडतात.

घडी घालू नका, घडीवर रंग उडतो. कापडाच्या दुकानातून ताग्याची पुठ्ठ्याची नळी मागून आणा आणि तिच्यावर चटई गुंडाळा. नळी आतून पाचेक सेंटीमीटरची असली, तर संध्याकाळपर्यंत तिचा बोगदा होतोच. म्हणून दोन मागा.