जुळवाजुळव

आमच्या टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो आणि पिशवीला दोन रबरं असतात. ही आप्पांची व्यवस्था. टीव्ही घेऊन चार वर्षं झाली, तरी रिमोटवरची सगळी बटणं आजही दुकानातल्यासारखी कोरी आहेत. फक्त आवाज वाढवायच्या बटणावर पिशवीला भोक पडलंय. आप्पांना ब्याऐंशी लागलं, कानाचं मशीन आहे, पण ते कपाटात असतं. 'बॅटरी उगाच जळते,' असं त्यांचं म्हणणं.

या टीव्हीवर एक अख्खी संध्याकाळ नुसतं गाणं-बजावणं बघावं, ही माझी जुनी इच्छा. पुण्याची मंडळी डिसेंबरात शाली गुंडाळून सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन बसतात, १९५३ पासून बसतायत. आमच्या अमळनेरला गाणं नाही असं कोण म्हणेल? सखाराम महाराजांच्या यात्रेत भजनं आहेत, श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा रात्रभर बायकांची गाणी आहेत, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावरची आहेत. पण ही सगळी गाणी चालू असताना बोलता येतं, जेवता येतं, भांडताही येतं. गप्प बसून ऐकायचं गाणं म्हटलं की आमच्या गल्लीत पंचाईत होते. 'कोणी आजारी आहे का?' असं विचारायला माणसं येतात.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात योग आला. पावसाचा पत्ता नव्हता. मुलगी बघायला यावं, पोहे खावेत आणि 'कळवतो' म्हणून निघून जावं, तसे ढग रोज येऊन जात होते. लग्नसराईच्या शेवटच्या तिथ्या होत्या आणि बायकोच्या मावसबहिणीच्या मुलाची हळद आमच्याच मागच्या गल्लीत होती. सगळं घर संध्याकाळी सहालाच तिकडे जाणार होतं. मी दुपारी तीन वाजता कंबर धरली.

"एकदम कशी काय?" बायको म्हणाली.

"हंडा उचलला ना सकाळी."

"कोणता हंडा? नळ तर परवा आला होता."

खोटं बोलताना आपल्या गावचा पाणीपुरवठा लक्षात ठेवावा. तरी निभावलं. ती गेली, सून गेली, नातवंडं गेली. आप्पा मात्र राहिले. "मी काय करू हळदमा? बसस तुनाजोडे," ते अहिराणीत म्हणाले. मीही नाही म्हणालो नाही. आप्पांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते श्रोते म्हणून निरुपद्रवी आहेत, असा माझा अंदाज होता.

लग्नपत्रिकेच्या पाठीमागे मी वेळापत्रक लिहिलं. साडेसहाला आपल्याकडच्या एका थोर गायकावरचा माहितीपट. मग १९६७ सालचा अमेरिकेतल्या माँटेरेचा संगीत महोत्सव. आठला बांगलादेशासाठी झालेली न्यूयॉर्कची मैफल. नऊला बीटल्स या इंग्लंडच्या चौघांच्या बँडची गच्चीवरची. दहाला डीडी भारतीवर कोणाची तरी जुनी शास्त्रीय मैफल, म्हणजे झोपेपर्यंत ख्याल. पत्रिकेच्या पुढच्या बाजूला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' छापलेलं होतं. ती बाजू मी टेबलाकडे केली.

पहिल्या माहितीपटाबद्दल मला जरा बोलायचंय. गायकाचं नाव घेत नाही, त्यांचा काही दोष नाही. बुवा तानपुरा लावून डोळे मिटतात, 'सा' लावतात, तो 'सा' असा काही लागतो की आपण उशी नीट करून बसतो, आणि तेवढ्यात पुस्तकांच्या कपाटासमोर बसलेले एक गृहस्थ सुरू होतात, "बुवांचा सा म्हणजे..." अहो, तोच ऐकत होतो ना! मागे बुवा गातायत हे ओठांवरून दिसतं, पण त्यांचा आवाज विहिरीत घागर पडल्यासारखा खोल गेलेला. गृहस्थ थांबले की वाटतं, आता येणार बुवा. तर कृष्णधवल फोटो येतो आणि हळूहळू मोठा होत जातो. मग बुवांचा वाडा, वाड्याचं दार, दाराची कडी. मग आगगाडीची खिडकी. मग एक शिष्या सांगतात, की ते दिवसच मंतरलेले होते. मी घड्याळ लावून बसलो. सलग, मध्ये कोणी न बोलता, बुवा जास्तीत जास्त अकरा सेकंद गायले. चोरावरच्या माहितीपटात चोरी दाखवतात, वाघावरच्या माहितीपटात वाघ दाखवतात. गाणाऱ्यावर काढला की कपाट दाखवतात.

आप्पांनी हे सगळं शांतपणे बघितलं. आवाज तोवर अडतीसवर गेला होता.

"एक गाई राह्यना, दुसरा बोली राह्यना," ते म्हणाले. "आयकानं कोनं?"

इतकं नेमकं परीक्षण मी वर्तमानपत्रातही वाचलेलं नाही.

माँटेरेला जिमी हेंड्रिक्स या अमेरिकन गिटारवाल्यानं गिटार खाली ठेवली, तिच्यावर रॉकेलसारखं काहीतरी शिंपडलं आणि काडी लावली. जगाच्या संगीतात या प्रसंगाला फार मोठं स्थान आहे. आप्पा रिमोटला पिशवी घालणारे. ते खुर्चीत पुढे सरकले. "जाळाले दुसरं काही नव्हतं का?" मी बंडखोरी वगैरे समजावायला लागलो. "हप्त्यावरनी ऱ्हाई," ते म्हणाले आणि त्या पोराला त्यांनी मनातून काढून टाकलं. त्या महोत्सवाच्या चित्रपटात पुढे पंडित रविशंकर आहेत, ते मात्र मी मुद्दाम पुढे सरकवलं. पुढच्या मैफलीत ते येणारच होते आणि तिथे मला त्यांना निवांत ऐकायचं होतं.

ती मैफल १ ऑगस्ट १९७१ ची. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, रविशंकरांचा जीव कासावीस झाला, त्यांनी मित्राला, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला, सांगितलं आणि त्यानं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका दिवसात दोन खेळ लावले. दोन्ही मिळून चाळीस हजारांच्या आसपास माणसं. सुरुवातीला सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ. मी आप्पांना सांगितलं, की दूरदर्शनची ती जुनी धून, चक्र फिरत यायचं ती, याच माणसाची. आप्पा एकदम ताठ बसले. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तेव्हा ती धून लागली की माणसं चपला काढून आत यायची.

मंडळी वाद्यं लावायला बसली. खुंटी पिळली, तार छेडली, तबल्यावर हातोडी पडली. मिनिट-दीड मिनिट हे चाललं, थांबलं, आणि न्यूयॉर्ककरांनी टाळ्यांचा कडकडाट केला! रविशंकर हसून म्हणाले, की नुसती जुळवणी एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. मी गडगडाटी हसलो. कंबर दुखणाऱ्यानं हसू नये इतकं हसलो. बाजूला बघतो तर आप्पाही मान डोलावत होते.

"बरं वाजाडं," ते म्हणाले. "आते दुसरं कोन शे?"

"आप्पा, हे नुसतं जुळवत होते."

"मंग गानं कवय सुरू व्हई?"

"आता."

आता दाराची कडी वाजली.

तात्या. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. कंबर या विषयात त्यांच्या शब्दाला तालुक्यात मान आहे. एका हातात डबा, दुसऱ्या हातात बाटली. हळदीच्या मांडवात बायकोनं माझ्या कंबरेची बातमी दिली होती. आमच्याकडे माणसाचं पोट दुखलं तर ते त्याचं असतं, पण कंबर दुखली की ती गल्लीची होते. "भाऊ, पालथे पडा," तात्या म्हणाले. बाटलीत राईचं तेल होतं, त्यात लसूण आणि ओवा काळा होईस्तोवर जाळलेला.

मी म्हटलं, आता बरं आहे. तात्या म्हणाले, बरं वाटतं तेव्हाच ती फसवते. मी पालथा पडलो. अशा रीतीनं १९७१ सालची ती ऐतिहासिक मैफल मी उशीत तोंड घालून, पाठीवर एसटीच्या ड्रायव्हरचे दोन्ही अंगठे घेऊन ऐकली. तात्यांचा एक अंगठा गिअर टाकल्यासारखा मणक्यात शिरायचा, आणि मी ओरडलो की ते म्हणायचे, "हां, इथेच आहे." जे दुखत नव्हतं ते पाच मिनिटांत दुखायला लागलं. सतार आणि सरोद यांचं काय चाललंय ते मला लसणाच्या वासातून अंधूक कळत होतं. सवाल-जवाब रंगात आला असावा, कारण तात्यांचे हातही द्रुत लयीत आले.

"हा पांढऱ्या कपड्यातला दाढीवाला महाराज कोण?" तात्यांनी विचारलं.

"जॉर्ज हॅरिसन," मी उशीत म्हणालो.

"कोणता मठ?"

मी उठेपर्यंत सगळं संपून नावं वर चढत होती. डब्यात वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी होती. तुपात बुडवलेली बट्टी समोर असताना माणसानं खोटं बोलल्याचा पश्चात्ताप करू नये. मी दोन वेळा वाढून घेतलं. तात्या बसले. नऊ वाजले.

नऊलाच मागच्या गल्लीत डीजे सुरू झाला. गाणं कोणतं ते सांगता येणार नाही. ते कानात येत नव्हतं, छातीत येत होतं. शोकेसमधले स्टीलचे छोटे पेले एकेक पाऊल पुढे सरकायला लागले. वरच्या फळीवरचा, आतेबहिणीच्या मुलीच्या बारशातला, काठापर्यंत आला, जरा थांबला आणि खाली उडी मारली. मी आवाज पन्नासवर नेला. आप्पांनी साठवर नेला. मग मी चौसष्ट केला आणि आम्ही तिघं बीटल्सकडे बघत बसलो, कारण ऐकण्याचा प्रश्न उरला नव्हता.

३० जानेवारी १९६९. लंडनच्या सॅव्हिल रोवर, स्वतःच्या कचेरीच्या गच्चीवर हे चौघं. थंडी एवढी, की जॉन लेनननं बायकोचा केसाळ कोट घातलाय आणि रिंगोनं त्याच्या बायकोचा लाल रेनकोट. आमच्या खोलीत कूलर गरम वारा टाकत होता, तात्या बनियनवर होते. खालच्या रस्त्यावर शिंप्यांच्या दुकानांतली माणसं वर बघतायत, कोणी खूश, कोणी वैतागलेलं. तक्रार जाते. बेचाळीसेक मिनिटं वाजवून होतात तोवर पोलीस गच्चीवर.

"पोलीस उनात," आप्पा म्हणाले.

"हो आप्पा, तक्रार झाली होती."

"बाहेर उनात."

खिडकीतून बघितलं तर गल्लीच्या तोंडाशी खरंच निळा-लाल दिवा फिरत होता. दहा वाजले होते. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे आणि आमच्या गल्लीत तो कधीकधी येऊन जातो. लंडनच्या पोलिसानं गच्चीवर काय सांगितलं आणि अमळनेरच्या पोलिसानं मांडवात काय सांगितलं, दोन्हीकडचं ऐकू आलं नाही. पण डीजे आणि बीटल्स एकाच मिनिटाला थांबले. नवरदेवाचे मित्र नाचताना वर केलेले हात तसेच ठेवून उभे होते, असं नंतर नातवानं सांगितलं.

आणि मग शांतता. काय शांतता! रेल्वे फाटकापलीकडून मालगाडी गेली, तिचे डबे मोजता आले असते. तात्याही घरी गेले. मी हात धुतले, डीडी भारती लावलं. पांढऱ्या चादरीवर बुवा, दोन्हीकडे दोन तानपुरे. निवेदिका बोलून गेली होती. कपाट नव्हतं, गृहस्थ नव्हते. बुवांनी खाकरून तानपुऱ्याची खुंटी जरा पिळली.

खिडकीचं दार धाडकन आपटलं. वावटळ आली, पत्र्यांवर धूळ वाजली, पावसाचे चार थेंब पडले, आणि लाईट गेली.

गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर वायरमनला सतरा जणांनी हात जोडले. इनव्हर्टर आहे, पण त्यावर फक्त पंखा आणि देवघर आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट गेल्यावर एकच करायचं असतं. मी गाद्या काढल्या. आप्पांची खाटही. एक गादी डोक्यावर, एक काखेत, खाट पाठीवर तिरकी, असा मी जिन्याच्या आठव्या पायरीवर असताना खालून मोबाइलचा उजेड माझ्यावर पडला.

"कंबर कशी आहे?" बायको म्हणाली.

तिच्या मागे सून, सुनेमागे नातवंडं आणि त्यांच्यामागे, डबा न्यायला आलेले तात्या. "बघा," तात्या बाकीच्यांना म्हणाले, "एका मालिशमध्ये!" तेल मागायला दुसऱ्या दिवशी तिघं जण आले. बायको काही बोलली नाही. ती फक्त तिच्या दोन्ही मावश्यांच्या गाद्या खालून आणायला मला परत पाठवत राहिली.

गच्चीवर सगळी गल्ली झोपली होती. या गच्चीवरून त्या गच्चीवर पाणी मागता येतं, इतकी जवळ. वारा पडला होता. तारे होते. कुणाचं तरी बाळ रडून झोपलं. मलाही डोळा लागला.

दोनच्या सुमारास लाईट आली. आमचा टीव्ही बंद करायचा राहिला होता. लाईट आली की तो आपणहून सुरू होतो आणि लाईट जाताना जिथे होता तिथेच लागतो, आवाजासकट. चौसष्टवर.

आधी एक तार वाजली. मग दुसरी. मग तबल्यावर हातोडी पडली, ठण्ण, तशी बाळासह तीन गच्च्या उठून बसल्या. कुत्री भुंकली. कुणीतरी "काय झायं, काय झायं" करत बॅटरी लावली. मी अंधारात चप्पल शोधत, गाद्यांवरून, मावशीच्या पायावरून जिन्याकडे धावत सुटलो. खाली तानपुरा पुन्हा नव्यानं, चौथ्यांदा, पिळला जात होता.

खाटेवरून आप्पांचा आवाज आला, कानात मशीन नसताना.

"सावकाश जाय रे. आजून जुळाडीच राह्यनात."