रोज शंभर बॅकलिंकच्या पॅकेजला पैसे देऊ नका

‘पंधरा दिवसांत एसईओ शिका’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. एसईओ म्हणजे गूगलच्या शोधनिकालांत आपली साइट वर यावी म्हणून करायचं काम. मलाही तो आला होता आणि मी वाचून सोडून दिला होता. मग माझ्या भाचीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, यातलं पॅकेज घेऊ का?’ ती सायकल दुरुस्तीवर वेबसाइट चालवते. स्वतः चेन उघडते, फोटो काढते, लिहिते. तिने साठवलेले पैसे या पॅकेजमध्ये जाणार असतील तर मला गप्प बसता येणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: रोज शंभर बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक) टाका, दोन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर याल, गॅरंटी. डोमेन ऑथॉरिटी (साइटच्या ताकदीचा एक आकडा) पन्नासच्या वर न्या. स्पर्धकाला कुठून बॅकलिंक मिळाल्यात ते लिंक शोधणाऱ्या टूलमध्ये बघा आणि त्या जशाच्या तशा उचला. मजकुराची फार चिंता नको, कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात तो शब्द, पाच टक्के असला की झालं, मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लिहायची कीवर्डची यादी) भरा. दर महिन्याला ‘टॉक्सिक’, म्हणजे घातक, लिंक डिसअव्हाव करा, म्हणजे त्या मोजू नका असं गूगलला कळवा. हे सगळं जमत नसेल तर आमचं पॅकेज घ्या.

यातलं जे खरं आहे ते आधी सांगते. बॅकलिंकला महत्त्व आहे. सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये असताना जो शोधनिबंध मांडला, त्यातल्या पेजरँक या पद्धतीचा पायाच हा आहे की एखाद्या पानाला कोण लिंक देतं, आणि त्या लिंक देणाऱ्याला कोण देतं, यावरून पानाचं वजन ठरवायचं. गूगलला नवी पानं सापडतात तीही बहुतेक वेळा दुसऱ्या पानांवरच्या लिंकवरूनच. इथवर मेसेजशी माझं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. त्याच पेजरँकमध्ये सगळ्या लिंक सारख्या नसतात. पानाकडे जेवढं वजन असेल त्यातूनच ते पुढे देतं, आणि जे देतं ते त्याच्यावरच्या सगळ्या लिंकमध्ये वाटलं जातं. ज्या डिरेक्टरीला, म्हणजे वेबसाइटच्या याद्या देणाऱ्या साइटला, कोणीच लिंक देत नाही आणि जिच्या एकेका पानावर शेकडो लिंक कोंबलेल्या आहेत, तिथून तुमच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. असं काहीच नसलेलं रोज शंभर वेळा गोळा करून काय हाती लागणार? ज्या निबंधातल्या कल्पनेवर ही सगळी जाहिरात उभी आहे, त्यातलं साधं गणितही मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही.

हे १९९८ चं झालं. आजची गोष्ट पाहायची तर गूगलचं स्पॅम धोरणांचं पान उघडा. ते जाहीर आहे, कोणालाही वाचता येतं. त्यात ‘लिंक स्पॅम’ या भागात काय काय मोजलंय बघा: रँकिंगसाठी लिंक विकत घेणं किंवा विकणं, मग मोबदला पैशांत असो वा वस्तूत, प्रमाणाबाहेर लिंकची अदलाबदल, प्रोग्रॅम लावून लिंक तयार करणं, हलक्या दर्जाच्या डिरेक्टरी आणि बुकमार्क साइटवरच्या (लोक लिंक साठवून ठेवतात अशा साइटवरच्या) लिंक, फोरमवरच्या, म्हणजे चर्चेच्या साइटवरच्या, कॉमेंटमध्ये किंवा तिच्याखालच्या सहीत कीवर्ड भरून टाकलेल्या लिंक. आता पॅकेजमधली यादी वाचा: डिरेक्टरी सबमिशन, सोशल बुकमार्किंग, ब्लॉग कॉमेंट, फोरम सही, लिंक एक्स्चेंज. गूगल ज्याला स्पॅम म्हणतं तेच कलम-दर-कलम पैसे घेऊन विकलं जातंय, आणि वर ते ‘शिक्षण’ म्हणून. मला सगळ्यात जास्त चीड याची येते, कारण नव्याने शिकणाऱ्या मुलाला हे कळायला काही मार्गच नसतो.

एप्रिल २०१२ मध्ये गूगलचं पेंग्विन अपडेट (निकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीतला बदल) आलं ते असल्या युक्त्यांवरच. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीसाठी असंबद्ध साइटवर हजारो लिंक पेरल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं, आणि गूगलने कारवाई करताच तिची पानं निकालांत खाली गेली. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या फुलं विकणाऱ्या कंपनीची आणि वर्षअखेरीला रॅप जीनियस या गाण्यांच्या शब्दांच्या साइटची हीच गत झाली. या कंपन्यांकडे पैसा होता, माणसं होती, त्या सावरल्या. एकट्याने चालवलेल्या साइटवर मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई, आली तर लिंक कोणी, कुठे टाकल्या हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागते, त्या काढून टाकायला लोकांच्या विनवण्या कराव्या लागतात आणि मग फेरविचाराचा अर्ज करून वाट बघायची.

अर्थात दर वेळी शिक्षा होतेच असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन मुख्य प्रणालीचा भाग झाल्यापासून गूगल अशा लिंककडे बहुतेक वेळा नुसतं दुर्लक्ष करतं, आणि डिसेंबर २०२२ पासून स्पॅमब्रेन ही त्यांची प्रणालीही त्या कामाला लागली आहे. म्हणजे बहुतेकांचे पैसे जातात आणि साइट जिथे होती तिथेच राहते. विकणारा मग सांगतो, ‘अजून तीन महिने घ्या.’

कॉमेंटमधल्या लिंकची गोष्ट तर याहून जुनी आहे. नोफॉलो, म्हणजे ‘या लिंकला वजन देऊ नका’ असं सांगणारी लिंकवरची खूण, आलं २००५ मध्ये, खास या कॉमेंट स्पॅमसाठी. २०१९ मध्ये स्पॉन्सर्ड (पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी) आणि यूजीसी (वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी) या आणखी दोन खुणा आल्या. वर्डप्रेस कॉमेंटमधल्या लिंकना नोफॉलो आपोआप लावतं. तरीही पॅकेजवाले कॉमेंट टाकत राहतात, कारण त्यांना महिन्याच्या रिपोर्टमध्ये आकडा भरायचा असतो. तो कचरा उपसत बसतो तो ब्लॉग चालवणारा माणूस. काही लिंक तर दुसऱ्यांच्या साइट हॅक करून त्यांच्या पानांत लपवलेल्या असतात, आणि त्या साइटच्या मालकाला पत्ताही नसतो. तुमच्या शंभरातल्या किती लिंक तशा आहेत हे विकणारा कधीच सांगणार नाही.

गॅरंटीबद्दल एवढंच. एसईओ तज्ज्ञ नेमावा का, यावर गूगलचं स्वतःचं मार्गदर्शक पान आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. केलेल्या बदलांचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, हेही तिथेच आहे. पंधरा दिवसांत मूळ कल्पना समजतात, हे मान्य. गूगलची नवशिक्यांसाठीची मार्गदर्शिका तर एका बैठकीत वाचून होते. पण केलेल्या कामाचा परिणाम बहुतेक वेळा पंधरा दिवसांत दिसत नाही, तर त्यातून शिकणार काय?

डोमेन ऑथॉरिटी हा मॉझ या कंपनीचा अंदाज आहे. एचरेफ्सचा डोमेन रेटिंग वेगळा, सेमरशचा ऑथॉरिटी स्कोअर वेगळा. गूगल यातलं काहीही वापरत नाही. मेटा कीवर्ड रँकिंगसाठी वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. पाच टक्क्यांचा नियम कुठेही नाही, आणि मोजून कीवर्ड कोंबणं पुन्हा त्याच स्पॅम धोरणात येतं.

स्पर्धकाच्या बॅकलिंक बघण्याचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. त्या बघाव्यातच. उचलायला नव्हे, समजून घ्यायला. आधी हे लक्षात घ्या की प्रत्येक टूलचा क्रॉलर (पानं शोधत फिरणारा प्रोग्रॅम) वेगळा, त्याला सापडलेली पानं वेगळी, म्हणून एकाच साइटचे आकडे तीन टूलमध्ये तीन येतात. एकूण लिंकच्या आकड्यापेक्षा किती वेगवेगळ्या डोमेनवरून, म्हणजे साइटवरून, लिंक आल्यात ते बघा. एका साइटच्या प्रत्येक पानाखाली येणाऱ्या तळपट्टीत लिंक असली की ती तिच्या हजार पानांवर हजार वेळा मोजली जाते. मग स्पर्धकाच्या कोणत्या पानाला लिंक मिळाल्यात ते काढा आणि देणारी पानं उघडून वाचा. एखाद्या सायकल क्लबने ‘चेन घसरते तेव्हा काय बघायचं’ या पानाची लिंक आपल्या सदस्यांसाठी दिली असेल, तर लोकांना काय उपयोगी पडतं ते तुम्हाला कळलं. त्यांच्या एखाद्या तुटलेल्या लिंकच्या जागी तुमचं पान बसत असेल तर त्यांना कळवा. याला वेळ लागतो, रोज शंभर होत नाहीत, आठवड्यात एक मिळाली तरी भरपूर.

जशाच्या तशा उचलण्याचा सल्ला इथेच कोसळतो. स्पर्धकाच्या कोणत्या लिंकना गूगल वजन देतं आणि कोणत्या बाजूला टाकतं, हे बाहेरच्या कोणत्याही टूलला दिसत नाही. त्याने विकत घेतलेल्या, गूगलने केव्हाच मोजणं सोडून दिलेल्या लिंकच तुम्ही कष्टाने गोळा करत असाल.

राहिलं डिसअव्हाव. ‘टॉक्सिक’ हा शिक्का टूलवाले मारतात, गूगल नाही. बहुतेक साइटना डिसअव्हाव लागतच नाही आणि चुकीचं वापरलं तर नुकसान होऊ शकतं, असा इशारा गूगलच्या डिसअव्हावबद्दलच्या पानावर आहे. ते आहे मॅन्युअल अ‍ॅक्शन आलेल्यांसाठी, किंवा विकतच्या लिंकमुळे ती येईल अशी रास्त भीती असलेल्यांसाठी. भाचीच्या साइटला सध्या जेमतेम काही लिंक आहेत आणि त्या माणसांनी आपणहून दिलेल्या आहेत. मेसेज वाचून त्याच ती डिसअव्हावच्या यादीत टाकायला निघाली होती. तिला मी सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सेवेतला लिंकचा रिपोर्ट उघडायला सांगितलंय. तो फुकट आहे. त्यात सगळ्या लिंक दिसत नाहीत, नमुना असतो, पण कोणत्या साइटने, कोणत्या पानाला, कोणत्या शब्दांत लिंक दिली ते कळतं. पॅकेजसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिने ठेवून द्यावेत.