मामा, दोन हजार घ्या, पण बोट काढा!

लातूर, बीड, परभणीकडून दिवाळीच्या सुट्टीत मालवणला निघालेल्या समस्त मंडळींनी हा लेख जपून ठेवावा. वादळामुळं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी बंद असल्या की जेट्टीवर वेळ कसा काढायचा, याचं ताजं ज्ञान आमच्याकडं नुकतंच जमा झालंय. दिवसभर उभ्यानं.

निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज अजिबात बघू नका. मोबाईल रील बघायला असतो. 2019 ला ऐन दिवाळीत क्यार चक्रीवादळ आलं होतं खरं, पण ते 2019 ला!

जेट्टीवर कुणीतरी सांगेल, बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे धोक्याचा बावटा लागलाय. आपण वर बघायचं अन् म्हणायचं, "ऊन तर पडलंय की!" वादळ शेकडो किलोमीटर आत समुद्रात असलं तरी लाटा किनाऱ्यापर्यंत येतात, असलं काही ऐकून घ्यायचं नाही. आपण पैठणचा नाथसागर बघितलेली माणसं.

ट्रॅव्हल्सवाल्याला फोन लावा. उचलणार नाही.

तिकीट खिडकीवर "अर्ध्या तासात कळंल" असं सांगतात. सकाळी सांगतात, जेवणानंतरही सांगतात.

किल्ल्याबद्दल चुकूनही काही वाचू नका. चारी बाजूंनी खारं पाणी अन् आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, हे दुष्काळी भागातल्या माणसाला कळून काय उपयोग?

स्वच्छतागृह विचारू नका.

आता मुख्य काम. बोटवाला गाठा. तो दोरखंड गुंडाळत बसलेला असेल, त्याच्यापुढं पाचशेच्या नोटा पंख्यासारख्या पसरा. "मामा, दोन हजार घ्या, पण बोट काढा." तो म्हणेल, "नको हो साहेब, बावटो लागलो हा." मग तीन हजार म्हणा. मग "तुम्हा लोकांना धंदाच करायचा नाही" म्हणा. मग एका पुढाऱ्याचं नाव घ्या. लाईफ जॅकेट द्यायला लागला तर "फोटो खराब येतो" म्हणा. मागं आपलीच पोरगी "पप्पा, नको ना" म्हणत शर्ट ओढत असेल, तिला गप बस म्हणून दटवा. तरी जमलं नाही तर व्हिडिओ काढा, "बघा, पर्यटकांची कशी लूट चाललीय!" अरे, कसली लूट? तो माणूस पैसे नको म्हणतोय! पावसाळ्याचे महिने त्याची बोट बंदच असते, दिवाळीत चार पैसे मिळायचे ते बुडालेत, अन् तरी तो नाही म्हणतोय!

पार्किंगमध्ये गाड्यांच्या पाट्या बघितल्या. एमएच 22, 23, 24. परभणी, बीड, लातूर. सगळी आपलीच.

2022 च्या मे महिन्यात इथंच, तारकर्लीला, पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले. तुम्हाला पोहता येतं का? आपल्याकडं विहिरीत पाणी असलं तर पोरं पोहायला शिकणार ना! लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा घागरी घेऊन रात्र-रात्र थांबलात. तिथं थांबता येतं, अन् इथं एक दिवस दम निघत नाही? जरा लाज वाटू द्या. त्या नोटा आधी खिशात घाला, पोरीला काहीतरी खायला घ्या अन् गप खोलीवर जा.