हिराबाईंनी गाण्याला तिकीट लावलं

शास्त्रीय गायिका हिराबाई बडोदेकरांचं नाव निघालं की आपल्याकडची जाणती माणसं त्यांच्या सुराबद्दल बोलायला लागतात. बोलावंच, तो सूर तसाच होता. पण त्यांच्या आयुष्यातली पैशाची बाजू कुणी फारशी सांगत नाही, आणि गाणं शिकणाऱ्या मुलींना आज नेमकी तीच सांगायला हवी असं मला फार वाटतं.

जन्म 1905 चा, मिरजेचा. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाडपासून मिरज अगदी जवळ! वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. 1922 मध्ये ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. थोरल्या लेकीचं, म्हणजे हिराबाईंचं वय तेव्हा सतरा.

त्या काळी बाईचं गाणं म्हणजे कुणा धनिकाच्या दिवाणखान्यातली बैठक. बोलावणारा तो, ऐकणारे त्याचे पाहुणे, आणि शेवटी हातात पडेल ती बिदागी. हिराबाई थिएटरात तिकीट लावून गायल्या. बायकांनी अशा जाहीर मैफली करायची वाट ज्यांनी पाडली, त्यांत त्यांचं नाव अगदी पुढे आहे. तिकिटामुळे काय बदललं ते नीट बघा. मास्तर, कारकून, दुकानदार, घरची बाईमाणसं, ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे आहेत तो कुणीही येऊन बसू शकतो. गाणारणीवर कुणा एकट्याचा उपकार राहत नाही. दर आधी ठरलेला, दारावर लिहिलेला. घरंदाज बायका मैफलीला येऊन बसायला लागल्या त्या अशा. चारचौघांसमोर उघडपणे दाम मागितल्यामुळे त्या गाण्याला मान मिळाला, असं माझं ठाम मत आहे.

पुढे 1929 च्या सुमारास भावंडांना बरोबर घेऊन त्यांनी नाटक कंपनी काढली. सुरेशबाबू, कमलाबाई, सरस्वतीबाई, सगळं घरच कंपनीत. बायकांची कामं पुरुषांनी करायची पद्धत अजून चालू होती, तेव्हा या बहिणी पुरुष नटांबरोबर रंगभूमीवर उभ्या राहिल्या. कंपनी म्हणजे नुसतं गाणं नव्हे. पडदे, कपडे, साथीदार, बिऱ्हाड, रेल्वेचं भाडं, पावसाने बुडालेला खेळ, हे सगळं मालकाच्या डोक्यावर. त्यात 1931-32 मध्ये बोलपट आले आणि भल्याभल्या कंपन्या बसल्या. यांचीही बसली, कर्ज झालं. हिराबाईंनी ते मैफली करून फेडलं. 1970 चं पद्मभूषण सगळ्यांना माहीत असतं. मला त्यांचं हे कर्ज फेडणं जास्त मोठं वाटतं.

दुसरं नाव सिनेमातल्या गायिका अमीरबाई कर्नाटकींचं. बिळगीच्या, म्हणजे तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या. घरात कन्नड, आणि गायल्या हिंदी, गुजराती, मराठी. 1943 च्या ‘किस्मत’ सिनेमाने त्यांचा आवाज देशभर गेला. सिनेमातून आलेल्या पैशातून त्यांनी विजापुरात अमीर टॉकीज बांधलं. आपल्या आवाजाच्या कमाईतून या भागातल्या एका बाईने थिएटर उभं केलं, हे आपल्या किती मुलींना ठाऊक आहे?

आता आजचं सांगते. मी बेळगावात गाण्याचा क्लास घेते. शहापूर, अनगोळ, वडगाव, आणि खानापूरकडच्याही मुली येतात. आवाज असे की अंगावर काटा यावा. गणपती-नवरात्र आलं की मंडळांचे फोन सुरू होतात. मांडववाल्याला ॲडव्हान्स जातो, लाईटवाल्याला जातो, साउंडवाला तर पैसे हातात पडल्याशिवाय बॉक्स गाडीतून उतरवत नाही. त्यांचं बरोबरच आहे, त्यांचा धंदा आहे. मग गाणाऱ्या मुलीची पाळी येते. ‘ताई, देवाचं काम हाय, मानधनाचं बघू की नंतर.’ शेवटी शाल आणि नारळ. तबलजी आणि पेटीवाल्याच्या रिक्षाचे पैसे तिच्या वडिलांच्या खिशातून.

एका मंडळाने माझ्या विद्यार्थिनीला तीन तास गायला लावलं, आणि पाकीट मागितल्यावर ‘एवढ्या लवकर पैशाच्या मागे लागली’ असं तिच्या आईला ऐकवलं. ती आई आता मुलीला क्लासला पाठवायला नको म्हणते. मला याचा खरोखर संताप येतो. त्या मुलीने चुकीचं काय केलं?

भक्ती आणि मोबदला यांचं भांडण आपणच लावून दिलंय. कीर्तनकाराला दक्षिणा देताना आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. स्वतःच्या घरच्या देवापुढे ती मुलगी रोज गाते, तेव्हा तिने कधी पैसे मागितलेत का?

अजून एक. हल्ली कुणीतरी मोबाईलवर शूट करतं आणि मुलीचा अभंग भलत्याच चॅनेलवर चढवतं. लाखभर लोक बघतात, जाहिराती लागतात, तिला कळतही नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून सादरीकरणाचा व्यावसायिक वापर होत असेल तर रॉयल्टीवर कलाकाराचाही हक्क कायद्याने मान्य केलाय. त्यामुळे मी आता मुलींना रागाबरोबर हेही शिकवते: चॅनेल स्वतःच्या नावाने काढा, मूळ रेकॉर्डिंग आपल्याकडे ठेवा, कार्यक्रम ठरला की रक्कम, वेळ, साथीदारांचा खर्च आणि शूटिंगला परवानगी आहे की नाही हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी काही नको. यातल्या दोघी-तिघी उद्या स्वतःचा स्टुडिओ काढतील, कार्यक्रमांचं आयोजन करतील, दुसऱ्यांना काम देतील, अशी मला खात्री आहे. बुद्धी आहे त्यांच्याकडे. फक्त घरातून आणि गल्लीतून ‘शोभतं का हे’ एवढं कानावर पडायला नको.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदाचं बजेट लिहिताना मांडव, लाईट, साउंडच्या खाली एक ओळ गायिका आणि साथीदारांसाठी लिहा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती आधी सांगा आणि त्याच रात्री द्या. ज्या मंडळांना हे जमणार आहे त्यांनी खाली कमेंटमध्ये नाव टाका. माझ्या मुली तिथे आनंदाने गातील.