अमुक तारखेपर्यंत बंद करू नये

ठाण्यात माझा वेब होस्टिंगचा धंदा आहे, म्हणजे लोकांच्या वेबसाइट सर्व्हरवर (सदा चालू राहणाऱ्या संगणकावर) ठेवायच्या आणि वर्षाचं भाडं घ्यायचं. सर्व्हर बंद पडला तरी मी फारसा घाबरत नाही. तो महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये असतो. तिथे जनरेटर आहे, एसी आहे, रात्रपाळीला माणूस आहे. तो जांभई देत का होईना, उठून बघतो. वसुलीला रात्रपाळी नाही. पैसे आले नाहीत तर महाप्यात कुणालाच काही वाटत नाही. ते मलाच वाटून घ्यावं लागतं, आणि तेही नौपाड्यात राहून, जिथे अर्ध्या ग्राहकांनी मला चड्डीत फिरताना पाहिलेलं आहे.

ग्राहक म्हणजे पाचपाखाडीतले केटरर, चरईतली पॅथॉलॉजी लॅब, वागळे इस्टेटमधला स्प्रिंगांचा कारखाना, काही क्लासवाले आणि घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या, ज्यांच्या वेबसाइटवर जलतरण तलाव असतो आणि गेटवर पाण्याचा टँकर. या सगळ्यांचा हिशेब काकूंच्या वहीत असायचा. काकू म्हणजे माझ्या सख्ख्या काकू. बँकेतून निवृत्त झाल्यावर वेळ जात नाही म्हणून ऑफिसात येऊ लागल्या, तेव्हापासून वेळ माझा जात नाही. वहीत नाव, डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता), रक्कम, मुदत असे रकाने होते आणि कडेला एक बिनमथळ्याचा रकाना. त्यात बारीक अक्षरात शेरे: ‘दुपारी फोन नको, झोपतात.’ ‘धाकट्याकडे मागू नये, थोरला देतो.’ ‘पहिल्यांदा नाही म्हणतील, लक्ष देऊ नये.’

आमच्या सीएंनी एकदा ती वही चाळली, पोट धरून हसले आणि डोळे पुसत म्हणाले, “छान आहे. पण हे जीएसटीच्या विवरणपत्रात, जीएसटीआर-वनमध्ये, कुठे भरू?”

झालं, बिलिंग सॉफ्टवेअर शोधणं आलं.

या सॉफ्टवेअरकडून अपेक्षा बऱ्याच असतात. ग्राहकाने पैसे भरले की सर्व्हरवर त्याचं खातं उघडायचं, डोमेन नोंदवायचं, वर्ष सरत आलं की आठवणीचे मेल धाडायचे आणि एवढं करून पैसे नाहीच आले तर साइट बंद करायची. हे सगळं माणसाचा हात न लागता, रात्री क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी ठरली कामं उरकणारा सर्व्हरवरचा गडी, चालला की आपोआप. या मंडळींत घरातलं मोठं माणूस म्हणजे डब्ल्यूएचएमसीएस. मोठ्या माणसाचा खर्चही मोठा. २०१९ च्या जूनमध्ये सीपॅनलने (सर्व्हरवरची खाती सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरमागे असलेला दर खात्यांमागे नेला, तेव्हा जगभरच्या होस्टिंगवाल्यांनी टाहो फोडला होता. डब्ल्यूएचएमसीएसचा दरही चालू ग्राहकांच्या संख्येप्रमाणे पायरी पायरीने चढतो. हे दोघेही आता वेबप्रॉस या एकाच छपराखाली नांदतात.

आता ‘चालू ग्राहक’ ही काय भानगड? ठाण्यात ग्राहक बंद होत नसतो. तीन वर्षं छदाम न देणारा माणूस दिवाळीला चकल्यांचा डबा घेऊन जिना चढून येतो. त्याला ‘इनॅक्टिव्ह’ म्हणायला जीभ रेटत नाही आणि ‘अॅक्टिव्ह’ म्हणायला परवडत नाही.

मग ब्लेस्टा पाहिलं. त्याचा कोड बराचसा उघडा, आणि एकदाच पैसे मोजून कायमचा परवाना घ्यायची सोय. मला ते आवडलं होतं. मग फॉसबिलिंग. बॉक्सबिलिंग नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेलं, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला) आणि फुकट. मी पाहिलं तेव्हा आवृत्ती शून्य पॉइंट काहीतरी चालू होती. काकूंनी विचारलं, “फुकट आहे, मग खोट काय?” मी त्यांना ओपन सोर्सचं तत्त्वज्ञान समजावलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “म्हणजे बिघडलं तर तू दुरुस्त करणार. मग नको.”

यानंतर सुरू झाली डेमोंची रांग. नावं घेत नाही, कारण खोड्या जवळपास सगळ्यांच्या सारख्याच होत्या. एकाचं नमुन्याचं बिल छापून काकूंच्या हातात दिलं. चार हजारांचं होस्टिंग, अठरा टक्के जीएसटी, एकूण ४,७२०. पण रुपयाच्या चिन्हाच्या जागी भलंमोठं प्रश्नचिन्ह. पीडीएफच्या मूळ फॉन्टमध्ये ₹ नव्हतंच. हे चिन्ह सरकारने २०१० मध्ये आणलं, ते अजून त्या फॉन्टपर्यंत पोचायचं होतं. फॉन्ट बदलला की काम होतं, पण तोवर काकूंचं मत बनलं होतं. “अरे, आकड्याच्या आधी प्रश्नचिन्ह छापून पाठवलंस तर समोरचा उत्तर देणार ना! साडेतीन हजार म्हणेल.”

करांचं तर विचारूच नका. ग्राहक महाराष्ट्रातला, म्हणजे त्याचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होणारा, असेल तर नऊ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि नऊ टक्के एसजीएसटी (राज्याचा). सुरतचा, म्हणजे परराज्यातला, असेल तर अठरा टक्के आयजीएसटी. बिलावर ९९८३१५ हा होस्टिंगचा सॅक कोड, म्हणजे सेवेचा जीएसटीतला ओळख-क्रमांक. परदेशी सॉफ्टवेअरला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्याकडे ‘लेव्हल वन’ आणि ‘लेव्हल टू’ असे दोन कर असतात आणि शेजारी एक टिक. ती टिक केली की दुसरा कर पहिल्या करासकट लागतो, म्हणजे नऊवर नऊ, एकूण १८.८१ टक्के. वरचे पॉइंट एक्क्याऐंशी कोणत्या सरकारला द्यायचे ते त्यात लिहिलेलं नसतं.

सीएंची अट निराळीच. बिलांचे क्रमांक सलग हवेत, एका आर्थिक वर्षात एकही दुबार नको आणि क्रमांक सोळा अक्षरांपलीकडे जाता कामा नये. इकडे सॉफ्टवेअरची हौस अशी की मुदतीच्या कितीतरी दिवस आधीच बिल फाडायचं. ग्राहक काही ते भरत नाही, पण कराचं बिल निघालं की सरकारला जीएसटी देणं आलं. म्हणून आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, आणि पैसे आल्यावरच खरा क्रमांक, अशी सोय लागते. ती काहींत होती, पण सेटिंगच्या अशा कोपऱ्यात दडवलेली की जणू करचुकवेगिरीचं साधन असावं.

तरी खरी गंमत टीडीएसची, म्हणजे पैसे देणाऱ्याने बिलातून आधीच कापून सरकारात भरायच्या आयकराची. स्प्रिंगांच्या कारखान्याचं वर्षाचं बिल साठ हजार, वर जीएसटी दहा हजार आठशे, एकूण ७०,८००. त्यांचे अकाउंटंट मूळ साठ हजारांवर दोन टक्के कापून ६९,६०० पाठवतात. (दुसरे एक गृहस्थ दहा टक्के कापतात. दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं आणि दोघांशीही वाद घालून उपयोग नसतो.) आता बाराशे रुपये माझ्याच पॅनवर सरकारजमा आहेत, आयकर खात्याच्या पत्रकात दिसणार आहेत. डेमोतल्या सॉफ्टवेअरला मात्र दिसतात फक्त बाकी बाराशे. त्याने पहिली आठवण पाठवली, दुसरी पाठवली, तिसरीत भाषा कडक केली आणि मग आयकर खात्याकडे जमा असलेल्या बाराशेपायी कारखान्याची साइट बंद केली. डेमोच होता म्हणून बरं.

त्यातून पैसे घ्यायची पद्धत. या सॉफ्टवेअरांची श्रद्धा अशी की ग्राहकाचं कार्ड साठवून ठेवावं आणि मध्यरात्री त्यातून आपसूक रक्कम उचलावी. आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले. अशी रक्कम उचलायची तर चोवीस तास आधी कळवावं लागतं आणि मोठ्या रकमेला ओटीपी लागतो. अर्थात ही अडचण कागदावरचीच. आमचा ग्राहक कार्ड देतच नाही. तो यूपीआयने पैसे पाठवतो आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट टाकतो, खाली ‘केलंय बघ’. बारा आकडी व्यवहार क्रमांक नेमका नोटिफिकेशनखाली झाकलेला. कधी पैसे वहिनींच्या खात्यातून आलेले, कधी तिघा भावांच्या तीन डोमेनचे एकत्र, त्यात शंभर कमी, ‘भेटल्यावर देतो’. हे ओळखणारं सॉफ्टवेअर जगात निघालेलं नाही. काकू हे क्षणात ओळखतात.

शेवटच्या डेमोला काकू स्वतः बसल्या. व्हिडिओ कॉलवर एक गोड बोलणारा मुलगा हिंदीतून क्रॉन, मोड्यूल, एपीआय असं भराभर दाखवत होता. काकूंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “पितृपक्षात हे काय करतं?”

मुलगा गडबडला. मी मध्ये पडून सांगितलं की त्या पंधरवड्यात आमच्याकडे कुणी खिशात हात घालत नाही, मागायलाही जात नाहीत. मग त्याचा चेहरा खुलला. त्याने एका ग्राहकाचं पान उघडलं. खाली तळाशी एक इवलासा चौकोन आणि शेजारी तारखेची जागा: अमुक तारखेपर्यंत सेवा बंद करू नये.

काकूंनी चष्मा लावला. “परत दाखव.”

त्याने परत दाखवलं. एवढा वेळ आपोआप काय काय घडतं ते सांगून त्याचा घसा कोरडा झाला होता आणि सौदा ठरला तो ते थांबवायच्या चौकोनावर. ब्लेस्टाबद्दल मला काही म्हणायचं होतं, पण विचारलं कुणी?

घेतलं एकदाचं. पुढचा आठवडाभर काकू तारखा भरत होत्या. लॅबला दसरा. केटररना तुळशीच्या लग्नानंतरचा आठवडा, कारण तेव्हा लग्नांचे आगाऊ पैसे हातात येतात. सोसायट्यांना ऑक्टोबर, कारण ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा व्हायला हवी आणि सभा झाल्याशिवाय चेकवर सही होत नाही. कारखान्याला सरळ पुढचं वर्ष. बिनमथळ्याच्या रकान्यातले शेरे ‘नोट्स’मध्ये गेले. सॉफ्टवेअर आता रोज रात्री उठतं, सगळे ग्राहक तपासतं आणि कुणालाही हात न लावता झोपी जातं. सकाळी मला मेल येतो की काल शून्य सेवा बंद केल्या.

बंद पडण्याचा धोका उरलाय तो एकट्या मला. परवान्याचं बिल दर महिन्याला डॉलरमध्ये येतं, वर सेवा परदेशातून आली म्हणून रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा म्हणून, अठरा टक्के जीएसटीही मीच भरायचा. परवान्याची मुदत टळली की सॉफ्टवेअर स्वतःचंच दार लावून घेतं. परवा त्यांचा आठवणीचा मेल काकूंच्या हाती लागला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, “कळव त्यांना, दसऱ्यानंतर देतो.”

“काकू, ती परदेशातली कंपनी आहे.”

“मग इंग्रजीत कळव.”

कळवलं. पाच मिनिटांत तिकीट क्रमांकासह उत्तर आलं: आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.

“बघ,” काकू म्हणाल्या, “नाही म्हणाले नाहीत.”